आबांची ग्रामविकासाची चार वर्षे

आर. आर. पाटील, म्हणजेच आमच्या भागातले आबा, यांचे नाव निघाले की सांगली जिल्ह्याबाहेरचा माणूस बहुधा दोनच गोष्टींविषयी बोलतो. एक म्हणजे डान्सबारवरची बंदी, आणि दुसरी म्हणजे 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर, मोठ्या शहरांत अशा छोट्या गोष्टी होतातच, अशा अर्थाचे त्यांच्या तोंडून गेलेले ते हिंदी वाक्य. या दोन्ही गोष्टी त्यांच्या गृहमंत्रिपदाच्या काळातल्या आहेत. गृहखाते रोज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असते, त्यामुळे लोकांच्या स्मरणात तेच राहावे हे समजण्यासारखे आहे. परंतु 1999 ते 2003 या चार वर्षांत ग्रामविकासमंत्री म्हणून त्यांनी जे केले, ते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतले सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत स्वतंत्र बुद्धीचे काम होते, असे माझे ठाम मत आहे. त्या काळात मी तासगाव तालुक्याच्या पूर्व भागातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. त्यामुळे त्या कामाचा परिणाम मला सरकारी अहवालात शोधावा लागला नाही; तो शाळेच्या फाटकाबाहेर रोज दिसत होता.

आबांचा जन्म 16 ऑगस्ट 1957 चा, तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचा. तालुक्याचा हा पूर्व भाग बाहेरच्यांना द्राक्षे आणि बेदाणा यांमुळे ठाऊक असतो, आणि द्राक्षबागा म्हटल्या की तिथे सुबत्ता असणार असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात अग्रणी नदी वर्षातले बरेच महिने कोरडी असते, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि टँकरच्या पाण्यावर बाग जगवणारा शेतकरी डोक्यावर कर्ज घेऊन झोपतो. कृष्णाकाठचा ऊस आणि साखर कारखान्यांची सत्ता ज्या सांगलीत आहे, त्या सांगलीपासून हा टापू अंतराने जवळ असला तरी परिस्थितीने फार दूर आहे. जिल्ह्यातले अनेक नेते कारखाना, बँक किंवा शिक्षणसंस्था यांच्या बळावर उभे राहिले, आणि त्यांतल्या काहींनी मोठे काम केले हेही खरे आहे. आबांच्या पाठीशी असे काहीच नव्हते. सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये 'कमवा आणि शिका' योजनेत राबत त्यांनी शिक्षण घेतले, पुढे वकिलीची पदवी मिळवली, आणि वक्तृत्व हीच त्यांची पहिली आणि बराच काळपर्यंत एकमेव मिळकत राहिली.

1979 मध्ये सावळज गटातून ते सांगली जिल्हा परिषदेवर निवडून गेले तेव्हा ते बाविशीत होते. त्यानंतर महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या निवडणुका लांबत गेल्या आणि 1990 मध्ये आमदार होईपर्यंत ते सदस्यच राहिले. ही अकरा वर्षे त्यांच्या चरित्रात एका ओळीत उरकली जातात, याचे मला नेहमी वाईट वाटते. जिल्हा परिषदेचा सदस्य म्हणजे काय, हे ज्याने ते काम जवळून पाहिले आहे त्यालाच कळते. शाळेची गळकी खोली, बंद पडलेला हातपंप, प्राथमिक आरोग्य केंद्रात हजर नसलेला डॉक्टर, अर्ध्यावर थांबलेला रस्ता, ग्रामसेवकाची बदली, असे शेकडो प्रश्न घेऊन माणसे त्याच्या दारात उभी असतात; त्याच्याकडे अधिकार थोडे असतात आणि निधी त्याहून थोडा असतो. अशा ठिकाणी अकरा वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळलेली असते, ती म्हणजे मुंबईहून निघालेली योजना गावाच्या वेशीपर्यंत येते तेव्हा तिच्यातले काय उरते आणि काय गळून गेलेले असते. महाराष्ट्रात 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्या वेळी मुख्यमंत्री होते ते यशवंतराव चव्हाण याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे. त्यांनी उभ्या केलेल्या व्यवस्थेतच घडलेला एक सदस्य पुढे त्या सगळ्या व्यवस्थेचा मंत्री झाला, याचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही.

1999 मध्ये आघाडी सरकार आले आणि आबांकडे ग्रामविकास खाते आले. त्या काळी खेड्यांत शौचालये बांधण्यासाठी अनुदान देण्याची पद्धत होती. अनुदान मिळे, चार भिंती उभ्या राहत, यादीत नोंद होई, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या भिंतींच्या आत सरपण, शेणी किंवा शेळीचे करडू दिसे. लोक सकाळी पूर्वीसारखेच पाणंदीला जात. मी हे दृश्य इतक्या घरांत पाहिले आहे की त्यासाठी कोणा एका घराला दोष द्यावा असे मला वाटत नाही. गावाला कोणी विचारलेलेच नव्हते. शौचालय ही सरकारची गरज होती, सरकारनेच ती भागवली, आणि गावाने मोकळी खोली वापरात आणली.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 मध्ये सुरू झाले. त्याने हा व्यवहार उलटा केला. आधी पैसे आणि मग काम, ही रीत बंद झाली. गावाने आधी स्वतःच्या श्रमाने आणि स्वतःच्या वर्गणीतून काम करायचे, मग तपासणी समिती येणार, गुण देणार, आणि जे गाव खरोखर पुढे असेल त्याला बक्षीस मिळणार, अशी ही स्पर्धा होती. पंचायत समिती, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत्या पायऱ्यांवर गावे एकमेकांशी झुंजत होती. बक्षिसाची रक्कम गावाने केलेल्या कामाच्या मानाने लहानच असे. तरीही गावे तुटून पडली, कारण शेजारच्या गावापेक्षा आपण मागे राहणे हे खेड्यातल्या माणसाला पैशाच्या नुकसानीपेक्षा जास्त झोंबते. जत्रेतली कुस्ती, बैलगाड्यांची शर्यत, भजनी मंडळांचा सामना, या सगळ्यांत गावे पिढ्यान् पिढ्या हीच ईर्षा बाळगत आली होती. ती ईर्षा गटारीच्या आणि उकिरड्याच्या कामाला जुंपता येईल, हे ओळखणारा माणूस गावातच वाढलेला असावा लागतो.

अभियानाला गाडगेबाबांचे नाव देणे हेही योग्य होते. आमच्या भागात बाबांची ओळख पुस्तकी नाही. कराडच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, आणि हातात खराटा घेऊन गावात शिरायचे, दिवसभर रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला खडे बोल सुनवायचे, ही त्यांची रीत सांगणारी म्हातारी माणसे तेव्हा हयात होती. सरकारी परिपत्रक वाचून कोणी झाडू हातात घेत नाही. बाबांचे नाव घेतल्यावर मात्र सरपंचाला झाडू घ्यावाच लागे, कारण ज्या नावाने अभियान चालले होते त्या माणसाने आयुष्यभर दुसरे काही केले नव्हते.

आमच्या गावात अभियान कसे चालले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यातूनच त्याचे खरे बळ कळते. सुरुवातीला ग्रामसभेला माणसे जमत नसत. पहिल्यांदा शाळेच्या मुलांची प्रभातफेरी निघाली, मग दवंडी दिली गेली, आणि एका रविवारी श्रमदान ठरले. त्या दिवशी पुरुष पाराजवळ उभे राहून बघत होते आणि बायकांनी मंदिरामागचा उकिरडा उपसायला सुरुवात केली. दुपारपर्यंत पुरुषांनाही फावडी घ्यावी लागली. नंतर सांडपाण्यासाठी घरोघर शोषखड्डे खोदले गेले, ज्यांच्याकडे जागा होती त्यांनी त्या पाण्यावर परसबाग केली, दोन आळ्यांमधली गटार बांधायला गवंड्याने मजुरी घेतली नाही आणि वाळू एका ट्रॅक्टरवाल्याने फुकट आणून टाकली. शौचालयांचा आग्रह सर्वांत जास्त बायकांनीच धरला. पहाटे अंधारात किंवा रात्र पडल्यावरच बाहेर जायचे, मधल्या वेळेत पोटाची कळ सोसायची, पावसाळ्यात चिखल आणि साप यांच्या भीतीत बसायचे, हे हाल ज्यांनी सोसले होते त्यांना हागणदारीमुक्ती म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नाही. ग्रामसभेत कधी न बोललेल्या एका बाईंनी त्या वर्षी उभे राहून सांगितले की घरात शौचालय नसेल तर लेकीची सोयरीक त्या घरात करायची नाही. सभेत कोणी उलट उत्तर दिले नाही.

या अभियानामुळे नावारूपाला आलेली गावे सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ठिकठिकाणी आहेत. कोरेगाव तालुक्यातल्या धामणेरने राज्यपातळीवर नाव कमावले आणि बाहेरची माणसे ते गाव बघायला येऊ लागली. केंद्र सरकारने 2003 मध्ये निर्मल ग्राम पुरस्काराची योजना आणली तेव्हा महाराष्ट्रातल्या गावांची तयारी आधीच झालेली होती, आणि त्या पुरस्कारांत राज्य सुरुवातीपासून आघाडीवर राहिले. एका राज्यातल्या एका खात्याने कमी खर्चात चालवलेली कल्पना देशभर गेली, ही घटना आपल्याकडे रोजगार हमीनंतर फार वेळा घडलेली नाही.

या अभियानाच्या मर्यादाही मी जवळून पाहिल्या आहेत आणि त्या लपवणे आबांच्या कामावर अन्याय करण्यासारखेच होईल. तपासणीच्या आधी महिनाभर गाव आरशासारखे लख्ख असे आणि तपासणीनंतर सहा महिन्यांत कोपऱ्याकोपऱ्यांत पुन्हा कचरा साठू लागे. बक्षीस मिळालेल्या गावाची काही वर्षांनी पुन्हा कसून तपासणी होणे आवश्यक होते, ते पुरेसे झाले नाही. पहाटे पाणंदीवर जाऊन उघड्यावर बसणाऱ्यांना अडवणारी गुडमॉर्निंग पथके पुढे निघाली, आणि त्यांतल्या काही पथकांनी माणसांना ज्या पद्धतीने लाजवले ती पद्धत मला कधीच पटली नाही. अशा वेळी ज्याच्याकडे जागा नाही, पाणी नाही आणि पैसाही नाही, तोच माणूस सापडतो. आणि पाण्याचा प्रश्न तर सर्वांत मोठा होता. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, दोन दिवसांनी दोन हंडे मिळतात, तिथे शौचालयात ओतायला पाणी कुठून आणायचे, असे एखाद्या म्हातारीने विचारले तर तिला अभियानाच्या पुस्तिकेत उत्तर सापडत नव्हते. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजनांचे पाणी आमच्या दुष्काळी पट्ट्यात फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी पोहोचले. आबा इतकी वर्षे मंत्रिमंडळात असूनही त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघातला पाण्याचा प्रश्न त्यांच्या हयातीत पूर्ण सुटला नाही, ही इथल्या शेतकऱ्यांची तक्रार मला रास्त वाटते.

डिसेंबर 2003 मध्ये त्यांच्याकडे गृहखाते आले आणि पुढच्या वर्षी उपमुख्यमंत्रिपदही. या टप्प्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी थोडक्यात लिहितो. 2005 चा डान्सबार बंदीचा निर्णय घेताना त्यांच्या डोळ्यांपुढे मुंबईलगतच्या गावांतली, जमिनीचे पैसे एका रात्रीत उधळणारी पोरे आणि त्यांचे आईबाप होते, याविषयी मला शंका नाही. परंतु कायदा करताना तारांकित हॉटेलांना वगळले गेले, आणि हाच भेद न्यायालयात टिकला नाही. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. ज्या स्त्रियांची रोजी गेली त्यांच्या पुनर्वसनाची तयारी आधी झालेली नव्हती. गावाला विचारून काम करणाऱ्या माणसाने इथे ज्यांच्यावर परिणाम होणार होता त्यांना विचारले नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते. मुंबई हल्ल्यानंतरचे त्यांचे उद्गार चुकीचेच होते. इतकी माणसे गेलेली असताना राज्याच्या गृहमंत्र्याने त्या घटनेला लहान लेखावे, याचे समर्थन हिंदी भाषेच्या अडचणीचे कारण देऊनही होत नाही. त्यांनी राजीनामा दिला ते योग्यच केले.

याच खात्यातून त्यांनी 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, आणि तिच्यात मला पुन्हा ग्रामविकासमंत्रीच दिसतात. रचना जवळपास तीच होती. ग्रामसभेने समिती नेमायची, दिवाणी, महसुली आणि तडजोडीस पात्र असलेल्या फौजदारी तंट्यांची नोंद करायची, दोन्ही बाजूंना समोर बसवायचे, आणि काम पाहून गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात बक्षीस मिळायचे. बांधावरून भावाभावांत लागलेले दावे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या मोहिमेची किंमत कळेल. अर्धा फूट जमिनीसाठी दोन्ही घरांच्या बागा वकिलांच्या फीमध्ये गेल्याची उदाहरणे आमच्या तालुक्यात गावोगावी आहेत. तारखेला तासगावला जायचे म्हणजे दिवस बुडाला, एसटीचे भाडे गेले आणि हाती पुढची तारीख आली. असे काही दावे समितीपुढे मिटताना मी पाहिले, आणि वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारात न गेलेले भाऊ एका पंगतीत बसले तेव्हा साऱ्या आळीला आनंद झाला. काही समित्यांनी घरच्यांचा विरोध असलेली आंतरजातीय लग्ने पुढाकार घेऊन लावून दिली, हे तर मला धाडसाचे वाटते. त्याच वेळी हेही खरे आहे की जिथे समितीचा अध्यक्ष गावातला दांडगा माणूस असे, तिथे तडजोड म्हणजे दुबळ्याने गप्प बसणे असा अर्थ होई. विशेषतः नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला 'संसार मोडू नको' एवढेच ऐकवून परत पाठवणाऱ्या समित्याही होत्या. गावाच्या हाती अधिकार द्यायचा तर गावातल्या दुबळ्यालाही गाव आपले वाटेल अशी व्यवस्था करावी लागते, आणि ती मोहिमेच्या नियमांत पुरेशी नव्हती.

2009 नंतर ते पुन्हा गृहमंत्री झाले आणि त्यांनी गडचिरोलीचे पालकमंत्रिपद मागून घेतले. जे पद टाळण्याकडे बहुतेकांचा कल असे, ते स्वतःहून मागणे हा त्यांच्या स्वभावाचा भाग होता. पोलीस भरतीत वशिला चालणार नाही याची त्यांनी घेतलेली काळजी आमच्या भागातली माणसे आजही कृतज्ञतेने सांगतात. माझ्या शाळेत शिकलेला, आईबाप ऊसतोडीला जाणारा एक मुलगा कोणाचीही चिठ्ठी न घेता, केवळ धावून आणि लेखी परीक्षा देऊन पोलीस शिपाई झाला, तेव्हा त्याच्या वडिलांना निकालावर विश्वासच बसत नव्हता. मात्र याच दुसऱ्या कारकिर्दीत, 20 ऑगस्ट 2013 रोजी, साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि राज्याच्या पोलिसांना तिचा छडा लावता आला नाही; 2014 मध्ये उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. आबांविषयी आदर बाळगणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांना ही गोष्ट फार लागली आणि आजही लागते.

16 फेब्रुवारी 2015 रोजी मुंबईत कर्करोगाने आबांचे निधन झाले. त्याच दिवशी सकाळी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, त्यामुळे आमच्या भागासाठी तो दिवस दुहेरी आघाताचा ठरला. दुसऱ्या दिवशी अंजनीला लोटलेल्या गर्दीत पक्षांचे भेद नव्हते. पुढे त्यांच्या पत्नी सुमनताई आमदार झाल्या आणि 2024 मध्ये चिरंजीव रोहित पाटील पंचविशीत निवडून आले. घराण्यात सत्ता राहणे हे काही मी आबांच्या कामाचे माप मानत नाही. ज्या माणसाला वारशाने काही मिळाले नाही, त्याच्या घरात वारसा सुरू झाला, एवढीच त्याची नोंद करतो.

2020 मध्ये राज्य सरकारने स्मार्ट ग्राम योजनेला 'आर. आर. (आबा) पाटील सुंदर गाव पुरस्कार योजना' असे नाव दिले. नाव दिल्याचा आनंद आहे. पण या योजनेचे मूल्यमापन करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पुरस्कारासाठी गावे निवडताना 2000 नंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत ज्या गावांनी गाडगेबाबा अभियानात बक्षिसे मिळवली, त्यांची यादी काढून त्या गावांतही जावे, आणि तिथली गटारे, शोषखड्डे आणि शौचालये आज कोणत्या अवस्थेत आहेत, ग्रामसभेला किती माणसे आणि किती बायका येतात, हे तपासावे. जी गावे वीस वर्षे टिकली त्यांनी काय केले, आणि जी मागे गेली ती पाण्यामुळे गेली, गटबाजीमुळे गेली की तरुण पोरे पुण्या-मुंबईला निघून गेल्यामुळे गेली, हे तिथल्याच माणसांना विचारून लिहून काढावे. हे काम जिल्हा परिषदेच्या एका गटापासूनही सुरू करता येईल, आणि सावळज गट त्यासाठी योग्य आहे.